चाळीस माणसांचं सुरक्षासाहित्य घ्यायचंय, पुरवठादाराची यादी खटकतेय

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पत्रा कापणं-वाकवणं, ड्रिलिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि शेवटी स्प्रे पेंटिंग. चाळीस माणसं, त्यांत सहा बायका. तिघंजण अधूनमधून शेड उभारायला साइटवर जातात. आजवर ‘संपलं की मागवा’ असा कारभार होता. मागच्या महिन्यात ग्राइंडिंगवरच्या एका मुलाच्या डोळ्यात कण गेला. डोळा वाचला, पण मालक हादरले आणि ही खरेदी माझ्या गळ्यात पडली. मी मूळचा अकाउंट्सचा.

पुरवठादाराने पाठवलेली यादी अशी: हातमोजे ४० जोड, गॉगल ४०, हेल्मेट ४०, शूज ४० जोड, डस्ट मास्क ४ खोकी, इअरप्लग १ खोकं. सगळं एकाच प्रकारचं, एकाच मापाचं. फक्त बुटांपुढे ‘नंबर नंतर कळवणे’. काहीतरी चुकतंय एवढं कळतंय, काय ते सांगता येत नाही.

आणि हो, त्या मुलाकडे गॉगल होता. गळ्यात.

जुना फिटर

यादीत वस्तू आहेत, कामं कुठेच नाहीत. ते खटकतंय तुम्हाला.

एक कोरी वही घ्या आणि दोन दिवस नुसते शॉपमध्ये उभे राहा. प्रत्येक जागेपुढे लिहा: इथे काय उडतं, काय कापतं, काय भाजतं, श्वासात काय जातं, वरून काय पडू शकतं. आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना: हे मुळातच बंद करता येईल का? ग्राइंडरचा गार्ड काढून ठेवलाय का, धूर ओढणारा पंखा चालतो का, कटिंगला पाणी सोडता येईल का. अंगावर चढवायचं सामान सगळ्यात शेवटी येतं. गार्ड नसलेल्या ग्राइंडरला महागडा गॉगल हा उपाय नव्हे.

दुसरं, त्या मुलाला विचारा गॉगल गळ्यात का होता. रागावून नका विचारू, रागावलात तर खोटं सांगेल.

तिरपागडा

आमच्याकडे गॉगल फक्त ऑडिटच्या दिवशी डोळ्यांवर असतात. एरवी कपाळाचं रक्षण करतात.

हिशेबनीस

विचारलं. आधी ‘चुकलं साहेब’ म्हणाला. मग जरा बसवून घेतल्यावर तीन गोष्टी निघाल्या. मास्क लावला की काचेवर वाफ धरते. काच इतकी चरे पडलेली आहे की कापायची रेघ दिसत नाही. आणि वर इअरमफ (कान झाकणारी गादी) चढवला की गॉगलची काडी कानामागे रुतते, तासाभरात डोकं ठणकतं.

फिटरकाका, दोन ग्राइंडरचे गार्ड खरंच काढलेले होते. एक शोधून लावला. दुसरा सापडत नाही, तो ग्राइंडर कुलपात ठेवलाय.

मीटरकाटा

शाब्बास. या तीन तक्रारींत तुमची निम्मी खरेदी आली. मी हेच काम बारा वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाफ: मास्क नाकापाशी नीट बसत नसला की उच्छ्वास वर सुटतो आणि काचेवर जातो. म्हणजे वाफ ही मास्कची तक्रार आहे, आणि तीच खूण की धूळही त्याच फटीतून आत जातेय. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायला शिकवा, झडप असलेला मास्क घ्या आणि काच वाफ न धरणाऱ्या लेपाची घ्या. तो लेप चार दिवसांत जातो, कारण आपली माणसं काच बनियनने पुसतात. भिंतीवर साधा मऊ कागद आणि पाण्याची बाटली टांगा. थिनरने पुसायला सक्त मनाई करा. ही ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक चिवट प्लास्टिक. त्याला थिनर लागला की बारीक तडे जातात आणि ज्या ताकदीसाठी ती काच घेतली तीच संपते.

काच कुठली: युरोपीय मानक ईएन १६६ चा शिक्का असेल तर काचेवर एक अक्षर शोधा. एफ म्हणजे ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी टिकते, बी म्हणजे १२०, ए म्हणजे १९०. चष्म्यासारख्या काडीच्या गॉगलला एफच्या वर मिळत नाही. बी हवं तर चहूबाजूंनी बंद, पट्ट्याचा गॉगल लागतो. ए फक्त फेस शील्डला. ग्राइंडिंगला आत गॉगल आणि वर फेस शील्ड, दोन्ही. नुसत्या फेस शील्डखालून ठिणगी वळून आत येते.

कानामागे रुततं त्याला पट्ट्याचा गॉगल हा इलाज. काडीचाच हवा असेल तर इअरमफऐवजी प्लग. काडीमुळे मफची गादी कानाभोवती उचलली जाते आणि आवाज आत शिरतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

वेल्डिंगच्या काचेबद्दल वेल्डर तुम्हाला शिकवतील, पण आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १३ नंबरची गडद काच आणि गॅस वेल्डिंगला त्याहून बरीच फिकी, एवढं माहीत असू द्या. शेजारच्या हेल्परचा विचार मात्र कुणी करत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन जागा राहतो तो बहुतेक वेळा हेल्परच असतो. ‘आर्क लागली’ म्हणतात ती. त्यासाठी प्रत्येकाला काच देण्यापेक्षा वेल्डिंगभोवती पडदा लावा.

गावडी_गोणी

एवढं कशाला? सगळ्यांना चांगले जाड लेदरचे हातमोजे द्या, निम्मे अपघात तिथेच थांबतील.

जुना फिटर

गोणीसाहेब, मनापासून विरोध. ड्रिल मशीन, लेथ, जिथे म्हणून काही उघडं फिरतंय तिथे हातमोजा हाच धोका. माझ्या डोळ्यांदेखत झालंय. शेजारच्या ड्रिलवरचा पोरगा बिटला गुंडाळलेला छिलका हाताने काढायला गेला. मोज्याचं टोक अडकलं. उघड्या हाताला कापलं असतं, चार टाके पडले असते. मोज्याने हात आत ओढला. दोन बोटं गेली. त्या दिवसापासून माझ्या ड्रिलला ब्रश आणि हुक बांधलेला असतो आणि मोजे खिशात.

‘सगळ्यांना’ हा शब्दच या यादीतून काढा.

गावडी_गोणी

हे लक्षात नव्हतं आलं. शब्द मागे घेतो.

द्रावण

हातमोज्यांवर मी लिहितो, रसायनांचा माणूस आहे.

आधी पत्रा. पत्र्याच्या धारेला कापापासून वाचवणारे विणलेले मोजे लागतात, तळव्याला नायट्राइल रबराचा लेप असला की तेलकट पत्रा घसरत नाही. मोज्यावर ढालीत हातोडीचं चित्र असेल आणि खाली चार आकडे, एक अक्षर. ते ईएन ३८८. क्रमाने: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं. २०१६ पासून पाचवं अक्षर आलं, ए ते एफ (इथे एफ सगळ्यात वरचा), तेही कापण्याचंच पण वेगळ्या यंत्रावर मोजलेलं. चिवट धाग्यांवर जुन्या चाचणीचं पातंच बोथट होतं, म्हणून दुसऱ्या जागी कधीकधी एक्स असतो. एक्स म्हणजे नापास असं समजू नका, ती चाचणी केलेली नाही. पत्र्यासाठी पाचवं अक्षर बघा. आणि एफ मिळाला म्हणून पळत सुटू नका. जितका जाड तितकी बोटांची पकड जाते, मग स्क्रू उचलायला माणूस मोजा काढतो आणि नेमका तेव्हाच पत्रा सरकतो. सी किंवा डीपासून सुरुवात करून माणसांना वापरून बघू द्या.

आता पेंटिंग. इथे नजर फसते. मोज्याला भोक नसतं, तरी द्रावण रेणूरेणूने रबरातून आरपार जातं. हाताला कळतही नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी द्रव्याचे काही थेंब पडले. नंतरच्या चाचणीत ते द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार जातं असं दिसलं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्या जपून काम करणाऱ्या होत्या, मोजे घातलेलेच होते. तुमच्या थिनरमध्ये तसलं काही नाही, घाबरू नका, पण मोज्याची जात चुकली तर मोजा असून नसल्यासारखा.

थिनरमध्ये बहुधा टोल्युइन आणि अॅसिटोनच्या जातीची द्रावणं एकत्र असतात. दवाखान्यातला पातळ नायट्राइल मोजा अॅसिटोनमध्ये फुगतो. ब्यूटाइल रबर अॅसिटोनला उत्तम, टोल्युइनला वाईट. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) लेपाचा मोजा टोल्युइनला उत्तम आणि पाण्यात विरघळतो! मिश्रणाला अनेक पदरी लॅमिनेट मोजे सगळ्यात सुरक्षित. ते ढिले असतात, म्हणून वरून एक घट्ट मोजा चढवतात. थिनरचा सेफ्टी डेटा शीट (धोके आणि काळजी सांगणारा कागद) पुरवठादाराकडून मागा, त्याच्या आठव्या भागात मोज्याबद्दल लिहिलेलं असतं. ‘योग्य ते हातमोजे वापरा’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा आणि कुठलं मटेरियल, किती मिनिटं, ते विचारा.

हिशेबनीस

द्रावणसाहेब, दंडवत. पेंटर आत्ता तोच पातळ निळा मोजा वापरतात, आणि यादीतला डस्ट मास्क.

द्रावण

डस्ट मास्क म्हणजे गाळणी. धूळ अडते, थिनरची वाफ आरपार. एफएफपी२ असो वा एन९५, वास आला म्हणजे वाफ आत जातेय. तिथे कोळशाचं कार्ट्रिज असलेला रबरी अर्धा मुखवटा आणि पुढे रंगाचे तुषार अडवणारा प्रीफिल्टर हवा.

कार्ट्रिजचे रंग बघताना सावध. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफेला तपकिरी पट्टा, अमेरिकी पद्धतीत काळा. पांढरा तर आणखी घातक: युरोपात पांढरा म्हणजे धूलिकण, अमेरिकेत आम्ल वायू. एकाच कपाटात दोन्हीकडचा माल ठेवू नका. उघडं कार्ट्रिज रंग फवारायच्या बूथमध्ये टांगून ठेवलं तर ते रात्रभर बूथची हवा शोषत बसतं. सुट्टी झाली की हवाबंद डब्यात टाकायचं आणि वर तारीख लिहायची.

आणि एक नीट विचारा: रंगात वेगळा हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळतात का? असेल तर त्यात बहुधा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते धोकादायक प्रमाणात असतानाही वास येत नाही, म्हणजे कार्ट्रिज संपल्याचं कळायला मार्ग नाही. त्याने एकदा दमा जडला की माणसाला ते काम कायमचं सोडावं लागतं. तिथे बाहेरून शुद्ध हवा देणारा मुखवटाच हवा. बंद टाकीत शिरायचं असेल तर तेच. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर कुठलंही कार्ट्रिज तो तयार करून देणार नाही.

बूथच्या दाराशी डोळे धुवायचा नळ आहे का? दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे आणि पंधरा मिनिटं सलग पाणी मिळालं पाहिजे. बाटलीने पंधरा मिनिटं होत नाहीत.

तिरपागडा

दाढीवाल्यांचं काय? आमच्या पेंटरची दाढी छातीपर्यंत आहे.

द्रावण

घट्ट बसणारा मुखवटा दाढीवर बसतच नाही, दोन दिवसांची खुंटंसुद्धा फट पाडतात. दाढी ठेवायची असेल तर डोक्यावरून येणारा, पंख्याने गाळलेली हवा देणारा सैल हूड मिळतो. महाग पडतो. पण दाढी काढ म्हणण्याआधी त्याची चौकशी करा. हार्डनर असेल तर मात्र त्या गाळलेल्या हवेवरही विसंबू नका, हूडला हवा बाहेरूनच द्या.

सखी_वेल्डर

मी अशाच एका शॉपमध्ये नऊ वर्षं वेल्डिंग करते. दादा, तुमच्या सहा बायकांबद्दल अजून कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मला पहिली सहा वर्षं पुरुषांच्या मापाचे हातमोजे मिळाले. बोटांच्या टोकाला अर्धा इंच रिकामी जागा. टॉर्च धरताना ती जागा दुमडते, पकड जाते. सुपरवायझर म्हणायचे, ‘ताई, मोठा आहे म्हणजे जास्त सुरक्षित.’ बुटात मी दोन-दोन पायमोजे घालायचे. हेल्मेटचा पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत आवळूनही खाली वाकलं की पुढे यायचं. तक्रार करायची सोय नव्हती, लगेच ‘बायकांना जमत नाही’ सुरू.

तर मागवायच्या आधी हातांची मापं घ्या. तळव्याचा घेर टेपने मोजला की झालं. फक्त बायकांची नको, सगळ्यांची. बारीक अंगाचे पुरुष पण असतात आणि ते तर तोंडच उघडत नाहीत.

कपड्यांचंही सांगते. वेल्डिंगला पॉलिएस्टरचा गणवेश देऊ नका. तो पेटण्याआधी वितळतो आणि कातडीला चिकटतो. आग न धरणारं प्रक्रिया केलेलं कापड मिळत नसेल तर जाड सुती, वर लेदरचा अॅप्रन आणि बाह्या. पँटची खालची घडी उसवून टाका, ठिणग्या त्यात जमतात. पँट बुटाच्या वरून, आत खोचलेली नको.

मीटरकाटा

ताई, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

कानांचं राहिलं. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशेब धरतात. तुम्ही अकाउंट्सचे, पटकन करा: १०० डेसिबलच्या ग्राइंडरपाशी पंधरा मिनिटं.

आता गंमत बघा. खोक्यावर ३० डेसिबल लिहिलेला प्लग माणसाने आठ तासांतला अर्धा तास काढला, बोलायला म्हणून. दिवसाअखेर त्याला ३० ऐवजी १२ डेसिबलचंच संरक्षण मिळालेलं असतं. म्हणून सर्वांत मोठा आकडा शोधण्यापेक्षा दिवसभर कानात राहील असा प्लग शोधा. फार जाड मफ दिला तर क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही, मग माणूस तो सरकवून ठेवतो. आणि फोमचा प्लग घालायला शिकवावा लागतो: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत घालून तीसेक सेकंद दाबून धरायचा. समोरून प्लगचं टोक सहज दिसलं तर तो आत गेलेलाच नाही.

शिडीवरची

साइटवर जाणाऱ्या तिघांची यादीत काहीच सोय नाही. कमरेचा पट्टा देऊ नका, पडताना तो पोटावर घाव घालतो. पूर्ण अंगाचा हार्नेस.

पण हार्नेस घेण्याआधी खाली किती जागा आहे ते मोजा. दोरी २ मीटर. झटका शोषणारी पट्टी उलगडून पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर. वर १ मीटर राखीव. झाले सव्वासहा मीटर, दोरी अडकवलेल्या जागेपासून खाली. तुमची शेड पाच मीटरची असेल आणि दोरी पायाशी अडकवली असेल, तर माणूस नियमाप्रमाणे सगळं घालून जमिनीवर आपटेल. तिथे आपोआप आवळणारी आखूड लाइन वापरतात आणि दोरी डोक्याच्या वर अडकवतात. लटकलेल्या माणसाला कोण आणि कसं उतरवणार, हेही वर चढण्याआधी ठरवा. हार्नेसमध्ये नुसतं लटकून राहणंही काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. एकदा झटका बसलेला हार्नेस कापून टाकायचा, नुसता फेकला तर कुणीतरी उचलून घालतो.

हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच.

अवांतर: गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ मध्ये बांधला तेव्हा खाली जाळी बांधली होती, तिने १९ जणांना झेललं. फेब्रुवारी १९३७ मध्ये मचाण तुटून जाळीवर पडलं, जाळी फाटली आणि एकाच दिवशी १० माणसं गेली. तरीही मी जाळीच्या बाजूची. जाळीला कुणी ‘विसरलो’ म्हणत नाही.

जुना फिटर

हेल्मेट उलटं करून आतला शिक्का बघा. बाण असलेलं गोल घड्याळ असतं, त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष. पाचेक वर्षांपुढचं आणि उन्हात पडलेलं नको. आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्या मधल्या जागेत रुमाल, मोबाइल काही ठेवायचं नाही, धक्का मुरायला तीच जागा असते.

हिशेबनीस

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय, रागावू नका.

वही भरली. चाळीस माणसांची अकरा प्रकारची कामं निघाली. पुरवठादाराला नवी यादी दिली तर म्हणाला, ‘एवढे प्रकार कुणी मागवत नाही.’ चाचणीचे दाखले मागितले तर एकाच कागदाची झेरॉक्स चार वस्तूंना जोडून पाठवली. दुसरा शोधला.

मोज्यांचे तीन नमुने आणून पत्र्याच्या टेबलावर आठवडाभर ठेवले. मला आवडलेला नमुना कुणालाच आवडला नाही. मापं सहा ते अकरापर्यंत निघाली, सखीताई, आणि सहाचा हात निघाला आमच्या क्रेनवाल्याचा. ड्रिलवर ब्रश आणि हुक बांधले. रंगात हार्डनर निघाला, त्यामुळे बाहेरून हवा देणारा मुखवटा येईपर्यंत तो रंग थांबवलाय. मालकांची कुरकुर चालू आहे. ज्याच्या डोळ्यात कण गेला होता त्यालाच गॉगल निवडायला बसवलं. त्याने पट्ट्याचा निवडला आणि आता दुसऱ्यांच्या काचा तपासत फिरतो.

एक शंका उरलीय. बुटांचे बावीस जोड जुन्या स्टॉकमध्ये कोरे करकरीत सापडले. कधी घातलेच नाहीत. पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा (म्हणजे तेवढा आघात सोसण्याचा) शिक्का आहे. मालक म्हणतात हेच वाटा, नवे कशाला?

मीटरकाटा

जिभेच्या आत बनवल्याची तारीख असेल, ती बघा. तळ पॉलियुरेथेनचा आहे का? हवेतल्या ओलाव्याने तो खोक्यात बसल्या बसल्याही सडतो. वरचं लेदर नवंकोरं आणि खालून भुसा. एक जोड घ्या, तळ जोरात वाकवा.

हिशेबनीस

वाकवला. टाच हातातच आली.